चुकल्याचा एक गुण

ऑगस्टच्या सराव शिबिराच्या पहिल्या सकाळी रेमी सुरेटने सामानाच्या खिडकीतून आपली जाळीची पिशवी घेतली, बाकावर बसून उघडली, आणि आत लाल जर्सीच्या जागी पांढरी जर्सी होती. अठरा नंबरचीच होती, मापाची होती, साबणाचा वास येत होता. तक्रार करावी असं तिच्यात काही नव्हतं. धुताना रंग गेला असेल, असं त्याला आधी वाटलं. मग वाटलं, रंग गेला तर गुलाबी तरी उरतं. तो परत खिडकीपाशी गेला. "ही माझी नाही." आतल्या माणसाने मान तिरकी करून नंबर वाचला. "अठरा तूच ना?" "मी लालवाला आहे." "होतास," तो माणूस म्हणाला, आणि पुढच्या पोरासाठी खांद्याचं कवच शोधायला वळला.

हातात चेंडू घेऊन खेळायच्या या फुटबॉलमध्ये सरावात लाल जर्सी फक्त क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, देतात, कारण त्याला हात लावायचा नसतो. बाकीच्यांनी एकमेकांना वाटेल तसं आपटावं, पण लाल दिसलं की थांबायचं, चालत्या गाडीसमोर कुत्रं थांबतं तसं, थोडं नाखुशीने. चार वर्षं रेमी लाल घालत आला होता. दर वर्षी त्याच्या पुढे आणखी एक लालवाला असायचा आणि सामन्यात तोच खेळायचा. युनिव्हर्सिटीच्या एकाही सामन्यात रेमीने एकही पास फेकलेला नव्हता. पण न खेळलेल्या चार वर्षांत त्याला कोणी साधा धक्काही दिला नव्हता, आणि त्याची इतकी सवय झाली होती की कँटीनच्या रांगेत कोणाचं कोपर लागलं की तो वळून शिट्टी वाजण्याची वाट बघायचा. आता बाकावर बसून पांढरी जर्सी डोक्यातून घालताना त्याला जे वाटलं ते दुःख नव्हतं. दुःखाला वेळ लागतो. आता मला मारायची बाकीच्यांना परवानगी आहे, एवढंच त्याच्या लक्षात आलं, आणि बरगड्या आपोआप आत गेल्या.

मागच्या नोव्हेंबरमध्ये, शेवटचा सामना हरून बस धुक्यातून परत येत होती तेव्हा कोच हॅनिगन पुढची सीट सोडून मागे आला होता आणि रेमीशेजारी बसला होता. कोच असा मागे आला की कोणाचं तरी काही तरी ठरलेलं असतं. त्याच्या हातात टर्कीचं अर्धं सँडविच होतं. "पुढचं वर्ष तुझं पाचवं," कोच म्हणाला. पाच वर्षं खेळायची मुभा असते, सहावं नसतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी कोचने ते दुःखद बातमी सांगावी तसं सांगितलं. "पाचवं वर्ष तुझं, पोरा. चेंडू तुझ्या हातात." आणि त्याने सँडविचचा तुकडा मोडून रेमीला दिला होता. रेमीला टर्की आवडत नाही. त्याने तो खाल्ला. सगळा हिवाळा तो वजनं उचलत राहिला, बर्फात बूट घालून पलीकडच्या शाळेच्या भिंतीवर चेंडू फेकत राहिला, भिंतीवर एका जागी रंग उडाला आणि शाळेने तिथे कॅमेरा लावला. आईला त्याने फोनवर सांगितलं. आई किनाऱ्यावरच्या गावात मासळीच्या कारखान्यात कामाला. तिने पाळीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं. ज्या बायकांना चेंडूची दिशाही कळत नाही अशा बायका त्याला दुकानात भेटून म्हणाल्या, "यंदा तू फेकणार म्हणे."

मैदानावर लाल जर्सीत एक लांब, उन्हात भाजलेला पोरगा उभा होता. कोल्टन त्याचं नाव. अमेरिकेतल्या कुठल्या तरी मोठ्या कॉलेजातून सीमा ओलांडून इकडे आलेला. तिकडे त्याला कोणी खेळवत नव्हतं म्हणून. म्हणजे न खेळण्याचा अनुभव दोघांकडेही होता, पण त्याचा परदेशी होता. "अरे रेमी," आघाडीच्या रांगेतला वेंडेल जवळ येऊन कुजबुजला. वेंडेल म्हणजे दारात उभा राहिला तर खोलीत अंधार करणारा माणूस. क्वार्टरबॅकपर्यंत कोणाला पोहोचू द्यायचं नाही एवढंच त्याचं काम, आणि ते तो इतक्या मनापासून करायचा की एकदा त्याने पाणी घेऊन येणाऱ्यालाही आडवं पाडलं होतं. "मला एक सांग. आता तुला वाचवायचं की नाही? म्हणजे मला काही प्रॉब्लेम नाही. पण कोणी सांगायला हवं ना."

"सध्या नको," रेमी म्हणाला.

"बरं. पण मनात आलं तर?"

"मनात आलं तर वाचव."

दुपारी तो कोचच्या खोलीत गेला. कोचने त्याला बसायला सांगितलं, स्वतः उभा राहिला, मग रेमी उभा राहिला तेव्हा बसला. "तू संघाचा माणूस आहेस," कोच म्हणाला. ही स्तुती आहे की पत्ता, हे रेमीला कळेना. "आणि ऐक, किकसाठी चेंडू धरायला मला तूच लागणार. तुझ्यासारखं धरणारा या किनाऱ्यावर कोणी नाही. फर्गस तुझ्याशिवाय किक मारणार नाही म्हणाला."

"पण तुम्ही म्हणाला होतात, चेंडू माझ्या हातात."

"हातातच तर असणार," कोच म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की रेमीला वादाचा धागाच सापडेना. "शिवाय एक फसवा डाव बसवू. किकचं नाटक करायचं, तू उठायचंस आणि चेंडू फेकायचास. यंदा एकदा तरी लावणार. माझा शब्द आहे."

हा कोचचा दुसरा शब्द होता. पहिल्याचं काय झालं ते दोघांच्या मध्ये टेबलावर पडलं होतं, पण दोघांनीही ते उचललं नाही.

फर्गस बीटन किकर होता, आणि चार वर्षं रेमीच्या घरातला. टेकडीवरचं ते भाड्याचं घर, खालच्या मजल्यावर बुरशी, वरच्या मजल्यावर ते दोघं. फर्गसचं सगळं रेमीला माहीत होतं: झोपेत तो गेलिक, म्हणजे जुनी स्कॉटिश भाषा, बोलतो, जागेपणी त्याला येत नाही, किक चुकली की दोन दिवस डाव्या बाजूने जेवतो. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी कपडे बदलताना कोल्टन दात दाखवत म्हणाला, "यार, तुझी उशी फार छान आहे." रेमीला वाटलं, तिकडच्या लोकांत अशी बोलायची रीत असेल. तो म्हणाला, "थँक यू." मग शॉवरखाली उभा असताना पाणी गरम व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याला ते कळलं. मार्चमध्ये आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो आठवडाभर घरी होता. परत आला तर त्याचा पलंग नीट लावलेला. चादरीचे कोपरे हॉस्पिटलसारखे खोचलेले. फर्गसने आयुष्यात स्वतःचा पलंग लावला नव्हता. आणि रेमीला, आठवडाभर आईच्या खाटेशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत झोपून आलेल्या रेमीला, तेव्हा अक्षरशः गहिवरून आलं होतं. आपल्या आईचं आजारपण, आणि या पोराने काही न बोलता आपला पलंग लावून ठेवला. त्याने फर्गसला मिठी मारली होती. फर्गस त्या मिठीत लाकडासारखा उभा राहिला होता, आणि रेमीने त्याचा अर्थ असा लावला होता, की स्कॉटिश लोकांना भावना दाखवता येत नाहीत.

शॉवरचं पाणी आता पोळत होतं, पण तो बाजूला झाला नाही. पाठीमागून कोणी तरी साबण मागत होतं. तो त्या एका मिठीभोवती फिरत राहिला, नको असलेल्या गावात वाट चुकावी तसा. कोचने शब्द मोडला हे एक वेळ समजण्यासारखं होतं. कोच लोक शब्द मोडतात, त्यासाठीच त्यांना पगार मिळतो. पण फर्गसला मार्चपासून माहीत होतं. मार्च, एप्रिल, मे. रेमी भिंतीवर चेंडू फेकून यायचा तेव्हा फर्गस खिडकीतून बघायचा, त्याच्यासाठी दोन चमचे साखर आणि दुप्पट क्रीम घालून कॉफी करून ठेवायचा. ती कॉफी फार चांगली असायची. तीसुद्धा आता पुन्हा तपासावी लागणार होती, प्रत्येक कप वेगळा.

"झोपला होता का तो माझ्या पलंगावर?" त्याने संध्याकाळी स्वयंपाकघरात विचारलं. फर्गस मॅकरोनीत चीज ढवळत होता.

"एकच आठवडा. कोच म्हणाले, पोरगा बघायला येतोय, कुठे तरी ठेवायला हवा."

"सोफा होता."

"सोफ्याची स्प्रिंग वर आलीय. त्याच्या पाठीत गेली असती तर?"

रेमीने फळीवरून प्लेट काढली. "आणि मला सांगायचं नाहीस?"

"कोच म्हणाले, नक्की झालं नाही, उगाच पोराला कशाला घाबरवायचं. आणि तुझ्या आईचं तसं चाललेलं." फर्गस ढवळतच होता, चीज कधीच विरघळलं होतं. "मला वाटलं येणारच नाही तो. खरंच. मी त्याला मुद्दाम वाईट जेवण घातलं, रेमी. रोज कॅनमधले बीन्स."

"आणि तो तरी आला."

"त्याला बीन्स आवडतात," फर्गस म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हसावं की त्या पातेल्यात त्याचं डोकं घालावं हे रेमीला ठरवता आलं नाही. तो प्लेट घेऊन आपल्या खोलीत गेला, पलंगाकडे बघितलं, आणि जमिनीवर बसून जेवला.

त्या दिवसापासून घरात ते बोलेनासे झाले आणि मैदानावर पूर्वीपेक्षाही नेमकं जमायला लागलं. हे रेमीला सगळ्यात अश्लील वाटायचं. किकसाठी चेंडू धरणं म्हणजे एक गुडघा गवतावर टेकून बसायचं, दोन पायांमधून मागे भिरकावलेला चेंडू झेलायचा, इंचभर उंचीच्या रबरी चकतीवर टेकवायचा, शिवण फिरवून गोलाकडे करायची आणि एका बोटाने वरून दाबून ठेवायचा. मग फर्गसचा पाय नाकासमोरून वाऱ्यासारखा जातो, आणि बोटाखालची वस्तू नाहीशी होते. हे सगळं पापणी लवायच्या आत. विचाराला त्यात जागा नाही. बोटं एकमेकांना ओळखतात तेवढंच. आणि नेमक्या त्या जागा नसलेल्या जागेत रेमीला दर वेळी एकच विचार यायचा: शिवण थोडी अशीच राहू दे, पायाकडे. कोणाला कळणार नाही. चेंडू डावीकडे जाईल, फर्गस दोन दिवस डाव्या बाजूने जेवेल. आणि दर वेळी बोटं शिवण फिरवायची. बोटांना काही कळवलेलंच नव्हतं. चेंडू दोन खांबांमधून जायचा, फर्गस सवयीने हात पुढे करून त्याला उठवायचा, रेमी सवयीने उठायचा, आणि मग दोघं वेगवेगळ्या बाजूंनी मैदानाबाहेर जायचे. सप्टेंबर असा गेला. संघ जिंकत होता. कोल्टन चांगला होता; हेही एक. तो वाईट असता तर रेमीला निदान नीट झोप लागली असती.

दर रविवारी आईचा फोन यायचा. "मग, काल फेकलास?"

"नाही."

"मग काय केलंस?"

"धरला."

"काय?"

"चेंडू."

आई फोन कानापासून बाजूला धरायची. मागे कारखान्यातली कोणी तरी बाई विचारत असायची, काय म्हणतो, काय म्हणतो. "धरला म्हणतोय," आई तिला सांगायची. मग पुन्हा त्याला, "बरं आहे. पडला तर नाही ना?"

ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात कोच म्हणाला, "या सामन्यात." रेमी त्या सकाळी सगळ्यांच्या आधी उठला. दुसऱ्या सत्रात किकची वेळ आली, बाजूच्या रेषेवरून कोचने टोपी उलटी केली, आणि ती खूण होती. रेमी गुडघा टेकून बसला तेव्हा त्याला जगातल्या सगळ्या वस्तूंच्या कडा दिसत होत्या: गवताच्या, खाडीवरून आलेल्या सीगल पक्ष्यांच्या, समोरच्या पोराच्या दातावरच्या रबराच्या. त्याच्या उजव्या खांद्यात चार हिवाळे गोळा झाले होते. आणि चेंडू मागे यायच्या आधी समोरच्या संघाने टाइम-आउट घेतला, कारण त्यांचा एक खेळाडू बूट बांधत होता. खेळ पुन्हा सुरू झाला तोपर्यंत कोचची टोपी सरळ होती. "त्यांना वास आला होता," कोच नंतर म्हणाला. त्यांना फक्त बुटाची नाडी दिसली होती. त्या रात्रीच्या सणाच्या टर्कीला दोन हातांनी बाजूला सारत त्याला जाणवलं, की आता आपण कोणावर रागावलोय हे एका माणसात मावत नाही. कोच, फर्गस, तो बूट, बूट बनवणारे, आईचं पित्ताशय. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. फसवणूक झाली होती आणि फसवणारं कोणीच नव्हतं. प्रत्येकाकडे एक स्प्रिंग वर आलेला सोफा होता.

नोव्हेंबरमध्ये उपांत्य सामना घरच्या मैदानावर आला. पाऊस आणि बर्फ यांचं भांडण चालू होतं, दोघंही जिंकत नव्हते. स्टँडमध्ये लोक ब्लँकेटं पांघरून थर्मासमधून काही तरी पीत होते, जे चहा नव्हतं. त्या बुधवारी फर्गसला पश्चिमेकडच्या एका व्यावसायिक संघाचा फोन आला होता, हे रेमीला भिंतीतून ऐकू आलं होतं. रेमीला कोणाचा फोन येणार नव्हता. हरलो तर आज, जिंकलो तर दोन आठवड्यांनी, तो खेळाडू राहणार नव्हता. एक पास. एवढंच त्याचं राहिलं होतं, आणि ते मागायला आता माणूसही उरला नव्हता. सामना बरोबरीत होता, घड्याळात शेवटची किक उरेल एवढाच वेळ. अमेरिकेत नाही, पण या देशात किकने गोल हुकला तरी चेंडू गोलामागच्या पट्ट्यातून बाहेर गेला, किंवा समोरच्याला त्या पट्ट्यात अडकवलं, की मारणाऱ्याला एक गुण मिळतो. चुकल्याचासुद्धा गुण देणारा देश. कोल्टनला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तो अर्धा तास हसला होता. म्हणजे आता फर्गसने नीट मारली तरी जिंकणार, बऱ्यापैकी चुकवली तरी जिंकणार. कोचची टोपी सरळ होती. उलटी असायचं कारणच नव्हतं.

"रेमी," फर्गस म्हणाला. ऑगस्टनंतर त्याने रेमीचं नाव घेण्याची ही पहिलीच वेळ. "वारा तोंडावर आहे. हलत नाही ना चकती?"

"नाही हलत."

"मला माफ कर, हं. सगळ्याचं."

आता. सगळ्या सीझनमधून त्याने ही वेळ निवडली होती. पाय सैल व्हावा म्हणून, असं रेमीच्या मनात आलं. माफी मागून त्याला हलकं व्हायचंय, किकसाठी. चेंडू आला. बोटांनी शिवण फिरवली. पाय गेला.

किक आखूड पडली. चेंडू वाऱ्याला टेकून जरा विचार करत राहिला आणि गोलाच्या आडव्या दांडीखालून, पट्ट्याच्या तोंडाशी आत उतरला. तिथे त्यांचा एक पोरगा उभा होता. त्याने झेलला, एक गुणही जाऊ नये म्हणून घाबरून तिथूनच चेंडू उलट रेमीच्या संघाच्या दिशेला लाथेने भिरकावला, आणि सगळ्या स्टेडियमने माना एकदम उचलल्या. चेंडू वर गेला, बर्फात दिसेनासा झाला, आणि रेमी ज्या जागी नुकता गुडघा टेकून बसला होता तिथेच, त्याच्या छातीवर येऊन आदळला. त्याने तो धरला. तो धरणाराच होता.

"मागे!" पाठीमागून फर्गस ओरडत होता. "मागे दे! माझ्याकडे दे, मी मारतो!" रेमीने वळून पाहिलं. फर्गस मोकळा उभा होता, दोन्ही हात पसरून, आसपास कोणी नाही. मागे दिला की तो लांब मारणार, चेंडू पट्ट्यातून बाहेर, एक गुण, जिंकलो. बाजूच्या रेषेवर कोचही दोन्ही हातांनी मागे दाखवत होता. सगळं बरोबर होतं. आता चेंडू पुढे फेकता येत नाही. एकदा समोरच्याच्या हाती जाऊन आला की पास संपला, हा नियम रेमीला पाच वर्षांत कोणापेक्षाही जास्त पाठ होता, वाचायलाच वेळ मिळालेला. पण त्याचा अंगठा शिवणीवर सापडला होता. आणि पुढे, पार पट्ट्याजवळ, वेंडेल उभा होता. धावत तिकडे पोहोचला कसा हे देव जाणे, आजूबाजूला कोणी नाही, आणि त्याने दोन्ही हात वर केले होते, बहुधा फक्त थंडी वाजत होती म्हणून.

रेमीने फेकला.

खांदा मागे गेला आणि पुढे आला, आणि मधल्या क्षणात मैदान अगदी शांत होतं, आईच्या कारखान्यात पाळी बदलते तेव्हा असतं तसं. चेंडू एकाच रेषेत, न डगमगता फिरत गेला. ओल्या चेंडूने असं जाऊ नये. वेंडेलने तो पोटाशी धरला, वाकून त्याच्याकडे पाहिलं, आपल्याकडे असं काही कसं आलं म्हणून, आणि मग अडखळत चार पावलं टाकून पट्ट्यात जाऊन पडला, टचडाउन करतात तसा. हवेत पंचांचे पिवळे रुमाल, नियम मोडल्याची खूण, एका मागोमाग एक उडत होते. फर्गसचे हात अजून पसरलेलेच होते. तो रेमीकडे बघत होता, आणि त्या नजरेत राग नव्हता. एप्रिलमध्ये खिडकीतून बघायचा तसाच बघत होता, आता त्यालाही आधीपासून काही माहीत नव्हतं एवढाच फरक.

वेंडेल पट्ट्यातून पळत येत होता. चेंडू काखेत, चेहऱ्यावर चिखल, आणि तोंड इतकं उघडं की आत बर्फ जात होता. "पकडला! रेमी, मी पकडला! लहानपणापासून, माहितीये का तुला, लहानपणापासून मला कोणी फेकलाच नव्हता!" त्याने रेमीला एका हाताने उचललं, खाली ठेवलं. मग त्याला रुमाल दिसले. स्टँडमधून आवाज येत होता, पण तो आनंदाचा नव्हता, हे त्याला हळूहळू कळत होतं. "हे कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग माझं काही नाही ना? मी तर नुसता उभा होतो."

"तुझं काही नाही."

"म्हणजे माझा टचडाउन राहील?"

पंच त्यांच्याकडे चालत येत होता, एक हात पुढे करून, चेंडूसाठी. डाव रद्द, बरोबरी, जादा वेळ, आणि कोच टोपी हातात घेऊन त्याच्या मागून. वेंडेलने चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला आणि रेमीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"राहील," रेमी म्हणाला.